मास्तरांच्या पोटाचं माप

मला माणसांना प्रश्न विचारता येत नाहीत. लहानपणापासून येत नाहीत. दुकानात भाव विचारायचा असला तरी मी आईच्या मागे उभी राहायची. त्यामुळे सरांनी तो इंग्रजी कागद माझ्या हातात ठेवून "हे तू विचारायचंस" म्हटलं, तेव्हा मी "यस सर" म्हणाले आणि कसं विचारायचं, हेही विचारलं नाही.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात मी इंटर्न होते, मेडिसिनच्या वॉर्डात. सर, म्हणजे आमच्या वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर, कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि लिव्हरचा जुना आजार असलेल्या माणसांत उदासी किती असते, भीती किती असते, हे मोजून बघायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. कागदावर प्रश्न होते, प्रत्येक उत्तराला मार्क होते, शेवटी बेरीज. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की माणूस उदास. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी चांगलं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. माझं मराठी कसं आहे, हे कुणी विचारलं नाही.

लायब्ररीतला शब्दकोश घेऊन मी होस्टेलच्या खोलीत बसले. 'विषण्णता', 'वैफल्य', 'भविष्याविषयी अनास्था' असे शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले. कागद तपासायचा म्हणून आधी स्वतःच भरला. त्या आठवड्यात मी दोनदा न्हाणीघरात नळ सोडून रडले होते. तरी 'रडू येते काय' यापुढे मी 'नाही' लिहिलं. कागद मीच फाडून टाकणार होते, दुसरं कुणी वाचणार नव्हतं. तरीही 'नाही'च लिहिलं. यावर मी तेव्हा थांबून विचार करायला हवा होता.

वॉर्डच्या सिस्टर चाळिशीच्या, हिंगणघाटकडच्या. त्यांनी माझं भाषांतर वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे कोण बोलते व? तुमच्या घरी बोलतात का असं?"

"नाही."

"मंग यायले काऊन विचारता? असं विचारा का, मन लागते का? गमते का? जीव घाबरा होते का?"

त्या सांगत गेल्या, मी खोडून लिहीत गेले. पण वरचा भाग आम्ही दोघींनीही तसाच ठेवला, कारण तो सरांनी स्वतः मांडला होता. नाव, वय, गाव, आणि लगेच चौथ्या ओळीत, दारू किती, केव्हापासून.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. दुकान नाही, परवाना नाही, पण नाल्याच्या काठाने भट्ट्या लागायच्या आणि वॉर्डात पिवळे डोळे घेऊन माणसं यायची. सर म्हणाले, "कुणीही हो म्हणणार नाही. एकदा विचार, मग थांब, बायकोकडे बघ आणि परत विचार." मी तसंच करत होते. पॅड छातीशी धरून, पेन उघडून, दोनदा. पिणारे नाही म्हणायचे. न पिणारेही नाही म्हणायचे. आवाजात मला काही फरक कळायचा नाही.

डिसेंबरात आंजीच्या बाजूच्या एका खेड्यातून एक शिंपी दाखल झाले. पन्नाशीचे असतील. हातपाय काटक्यांसारखे, पोटात पाणी भरून ते पुढे आलेलं, डोळ्यांत पिवळेपणा. वॉर्डात दोन दिवसांत सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले. पाणी वाढतंय की उतरतंय हे कळावं म्हणून अशा रोग्यांच्या पोटाचं माप रोज सकाळी बेंबीवरून घ्यायचं असतं. पहिल्या सकाळी सिस्टर टेप लावत होत्या, तर मास्तर म्हणाले, "सिस्टर, मागून टेप तिरपी झाली. असं माप घेतलं तं गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकून मारीन."

"घ्या मंग तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या.

तेव्हापासून आपल्या पोटाचं माप मास्तर आपणच घ्यायचे. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणायचे, अंगठ्याने दाबायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे, इंचात. मी त्याचे सेंटिमीटर करून तक्त्यावर लिहायची.

तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. त्यांची बायको खाली सतरंजीवर बसली होती. नाव, वय, गाव झालं.

"दारू घेता?"

"नाई."

मी थांबले. बायकोकडे बघितलं. मग परत म्हटलं, "कधीतरी? सणावाराला?"

मास्तर चादरीच्या काठाची बारीक घडी घालत होते, टीप मारण्याआधी घालतात तशी. ती घडी तिथेच थांबली. बायको काहीतरी बोलणार होती. त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि तिने तोंड मिटलं.

"नाई म्हटलं ना, बाई."

पुढचं सगळं झरझर झालं. उदास वाटतं? नाई. रडू येतं? नाई. जीव घाबरा होतो? नाई. पुढचं कसं दिसतं? बरं दिसते. फक्त झोप रात्री लागत नाही, दिवसा येते, जेवण जात नाही, अंगात ताकद नाही, एवढं ते हो म्हणाले. सरांनी पेन्सिलीने नेमके तेच तीन प्रश्न खोडले. "झोप, भूक, थकवा हे लिव्हरमुळेही होतं. यांचे मार्क धरशील तर वॉर्डातला प्रत्येक माणूस उदास निघेल." ते बरोबरच होतं. उरली बेरीज शून्य. शून्य आलं की कागद स्वच्छ दिसतो. मी उदासी आणि भीती, दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं आणि मला बरंसुद्धा वाटलं.

पोटात पाणी असलं की मीठ बंद. मीठ पोटात गेलं की पाणी साठतं. वॉर्डात येणारं बिनमिठाचं वरण हा तिथल्या थट्टेचा कायमचा विषय होता. मास्तरांची बायकोही खालच्या धर्मशाळेत चूल मांडून बिनमिठाची भाजी करून आणायची. पहिले काही दिवस माप उतरलं. मग चढायला लागलं. पाणी उतरवायच्या लघवीच्या गोळ्या वाढवल्या, तरी चढत राहिलं. एका सकाळी चादर बदलताना सिस्टरना उशीखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी सापडली. मीठ.

"हे काय हाय, मास्तर?"

शेजारच्या खाटेवर दम्याचे एक म्हातारे होते. दम खात खातही त्यांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

"आम्हाले वाटलं पुडीत तंबाखूचा खर्रा हाय," ते म्हणाले. "मास्तर तं मिठाचे शौकीन निघाले बाप्पा."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "खाऊ द्या ना, सिस्टर. तुमचं वरण माणूस मारते अन् नाव लिव्हरचं होते."

"हसा," सिस्टर म्हणाल्या. "उद्या डॉक्टर पोटाले सुई लावतीन तवा हसजा."

सगळा वॉर्ड हसला. मास्तरही हसले, ओठ न उघडता.

मला मात्र आदल्या दुपारची गोष्ट आठवली. मी तक्ते भरत टेबलाशी बसले होते. मास्तरांची बायको भांडी धुवायला गेली होती. मास्तरांनी पुडीतून हातावर काहीतरी ओतलं, चमचाभर, एकदम तोंडात टाकलं, वर पाणी प्यायले. डोळे घट्ट मिटले. उमासा आला तसा हाताने तोंड दाबून धरलं. मला वाटलं, गावाकडचं एखादं चूर्ण असेल. डबा शेजारीच उघडा होता. भाजी तशीच. त्या भाजीवर त्यांनी चिमूटभरही टाकलं नव्हतं. ज्याला चव हवी तो मीठ जेवणावर घालतो.

हे मी बघितलं होतं. आणि दहाच्या राउंडला सर मास्तरांच्या खाटेशी आले, पुडी बघितली, तक्ता बघितला आणि भडकले.

"यांना बरं व्हायचं नाहीये. बाहेर व्हरांड्यात लोक खाटेसाठी बसलेत. उद्या सुट्टी द्या." मग आमच्याकडे वळून इंग्रजीत हळूच म्हणाले की मीठ चोरून आणतो तो बाटलीही आणत असेल. मग मला विचारलं, "तुझ्या कागदावर यांचं काय आलं?"

"झीरो, सर."

"बघ. मन ठणठणीत आहे, जीभ वाईट आहे."

राउंड पुढच्या खाटेकडे गेला. उद्या हा माणूस घरी जाणार होता आणि घरी त्याला मीठ खायला पुडी लपवायचीही गरज नव्हती. मी शेवटच्या खाटेपर्यंत सगळ्यांबरोबर चालले. एकाही रोग्याबद्दल काय बोलणं झालं ते मला आठवत नाही.

दुपारी मी पॅड टेबलावर ठेवलं. पेन खिशातून काढून तेही ठेवलं. मास्तरांची बायको खाली धर्मशाळेत गेली होती, तेवढ्यात सिस्टरांच्या खणातून टेप घेतली आणि मास्तरांकडे गेले.

"मास्तर, मला टेप धरायला शिकवा. माझं माप रोज चुकतं."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. उठून बसले. टेप कशी धरायची, अंगठा कुठे, श्वास सोडल्यावर आकडा कसा वाचायचा, सगळं सांगितलं. मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

"तुम्ही इंग्रजी शाळेतल्या ना, बाई? बोलण्यावरून वाटते."

"हो."

"माही पोरगी नववीपर्यंत शिकली. हात चांगला हाय तिचा. काज तर माह्यापेक्षा बारीक करते."

मी टेप गुंडाळत होते. त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मास्तर, तुम्ही मीठ भाजीवर का नाही घालत?"

त्यांनी शेजारच्या खाटेकडे बघितलं. म्हातारे झोपले होते, घरघर ऐकू येत होती.

"तुम्ही पाह्यलं व्हय."

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मला वाटलं चूर्ण आहे."

त्यावर ते जरासे हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही दारूचं दोनदा विचारलं. म्या एक डाव सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तुम्ही हिच्याकडे पाहून विचारलं. गावात बी लोक असंच विचारून राह्यले. माह्याशी बोलते अन् पाह्यते हिच्याकडे. मंग म्या म्हटलं, हे बी त्यातलेच. सरकारी कागद हाय, सगळं नाईच सांगा."

मी खाली बघितलं.

ते हळूहळू बोलले, मध्ये दम लागत होता. गावच्या भजन मंडळात ते पेटी वाजवायचे. गावातली भट्टी बंद करायला हेच मंडळ दारोदार फिरलं होतं, मास्तर पुढे. उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. मग पोट आलं. लोक म्हणायला लागले, पेटीच्या मागे बाटली होती म्हणून. मुलगी लग्नाची. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले.

"कोणी काही म्हटलं नाई, बाई. माह्या पोटाकडे पाह्यलं, चहा पेले, गेले."

"मग?"

"बिनबापाच्या पोरीचं लग्न होते. बेवड्याच्या पोरीचं होत नाई. म्हटलं, माहं लवकर आटपलं तं बरं. पण जीव दिला असं झालं तं पोरीले आणखी बट्टा. हे असं गेलं तं बिमारीनं गेला म्हणतीन."

त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, मी ढिली गुंडाळली होती ती पुन्हा घट्ट गुंडाळली आणि परत दिली.

सर बाजूच्या खोलीत चहा घेत होते. मी दारात उभी राहिले. घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजी येतं. मी म्हणाले, त्या पेशंटचं शून्य चुकीचं आहे. कसं, ते त्यांनी विचारलं. मी इंग्रजीत सुरुवात केली, पण बिनबापाच्या पोरीपाशी अडले. ते इंग्रजीत सांगता येईना. मग मास्तरांचे शब्द जसेच्या तसे, वऱ्हाडीतच सांगितले. माझ्या तोंडी ते फार विचित्र वाटत असणार. सरांनी कप खाली ठेवला.

"हे तुझ्या कागदावर कुठे आहे?"

"कुठेच नाही, सर."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. पण त्याआधी दारूचं दोनदा विचारलं होतं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

सर ओरडतील असं मला वाटलं. ते उठले, वॉर्डात गेले, मास्तरांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. राउंडला सर कधी बसत नसत. मी लांबच थांबले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पंधरावीस मिनिटांनी ते परत आले, सुट्टीचा कागद फाडला, आणि मनोविकाराच्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. ते डॉक्टर एक दिवसाआड यायला लागले. मास्तरांना एकटं सोडायचं नाही, असं सिस्टरनी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. का, तेही सांगितलं. मिठाची पुडी तिनेच आणली होती. नवऱ्याची जीभ मेली म्हणून मागतो, असं तिला वाटलं होतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि व्हरांड्यात कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरांचं रक्त नागपूरला गेलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. जुन्या काविळीचं इन्फेक्शन निघालं. बहुतेक कधीतरी घेतलेल्या सुईतून आलेलं. सरांनी राउंडला ते मुद्दाम मोठ्या आवाजात सांगितलं, "मास्तर, तुमचा आजार दारूचा नाही."

"हे माह्या बायकोलेही सांगा माह्याबद्दल," दम्याचे म्हातारे म्हणाले. या वेळी मास्तरांचे दात दिसले.

सरांनी तेच मला मराठीत कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, सिस्टरनी नेहमीप्रमाणे सोपं केलं, सरांनी सही करून शिक्का मारला. मास्तरांनी कागद कापड दुमडावं तसा दुमडला.

आम्ही प्रश्नांचा कागद बदलला. दारूचा प्रश्न शेवटी गेला, एकदाच विचारायचा. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवायचं. आधी गप्पा, मग पेन. जे अजून वॉर्डात होते त्यांना मी पुन्हा विचारलं, आणि काही ठिकाणी शून्याचं शून्य राहिलं नाही. एक बाई तर पहिल्या प्रश्नालाच रडायला लागल्या. पण आधीचे काही जण घरी गेले होते. दोघे वारले होते. त्यांच्या नावापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात 'नाही' होतं. सर म्हणाले, ते मोजणीत धरू नकोस. धरले नाहीत. पण ते कागद कपाटात होते आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी ते एकदा काढून वाचले. पुन्हा काढायचं धाडस झालं नाही.

मास्तर जानेवारीत घरी गेले आणि दर महिन्याला दाखवायला येऊ लागले. पहिल्याच खेपेला मी विचारलं, "कागद दाखवला का गावात?"

"कोणाले दाखवू? कागद काढला का लोक म्हणतीन, याले कागद काऊन लागला?"

तो मशीनच्या खणात होता, कात्रीखाली. मला वाईट वाटलं. मी इतका जपून लिहिला होता.

"आणि मीठ?"

"भाजीवर बी नाई, हातावर बी नाई. हिनं घरातलं मीठच शेजारणीकडे नेऊन ठेवलं. आता सारे आळणी खातात."

"तो विचार येतो का?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बायको बाहेर बाकावर होती.

"येते कधी कधी. आला का मी मशीनवर बसतो. काही नसलं तं उशीचे अभ्रे शिवतो. बायको म्हणते, एवढ्या उशा कोठून आणू?"

मी ते लिहिलं. येतो, असं लिहिलं. बेरीज शून्य आली नाही. त्या वेळी कागद भरून मला बरं वगैरे काही वाटलं नाही. मनोविकाराच्या डॉक्टरांकडे त्यांना त्याच दिवशी नेऊन बसवलं.

माझी इंटर्नशिप संपत आली होती त्या खेपेला मास्तर कापडी पिशवी घेऊन आले. आधी नेहमीप्रमाणे टेप. आता मी लावायची आणि ते नजर ठेवायचे. माप जानेवारीपेक्षा उतरलं होतं, पण फार नाही. मग त्यांनी पिशवीतून पांढरा सदरा काढला. नवा, इस्त्रीची घडी तशीच.

"पुढच्या महिन्यात पाहुणे येऊन राह्यले. आर्वीकडचे. हा त्या दिवशी घालायचा हाय."

मी सदरा हातात घेतला. टीप सरळ, काज बारीक.

"काज पोरीचे," ते म्हणाले.

त्यांनी सदरा अंगात घातला. वरच्या गुंड्या लागल्या. पोटावरच्या दोन लागेनात. शिंप्याचं माप कसं चुकलं, हे मला कळेना. मी टेबलावरची टेप उचलून शिवणीवर धरली. सदरा त्यांच्या पोटापेक्षा तीन इंचांनी कमी होता.

"चुकलं नाई," ते म्हणाले. "एवढं उतरलं पाह्यजे म्हणून त्याच मापानं शिवला."

माझ्यापुढे कागद होता. पुढच्या काळाबद्दल काय वाटतं, हा प्रश्न आला होता. मी तो एकदाच विचारला. पेन टेबलावरच होतं. मास्तरांनीच ते माझ्याकडे सरकवलं.

"लिहा, बाई. भेव वाटते."

मी लिहिलं. त्यांनी सदरा काढला, बाह्या आत घेऊन घडी केली आणि पिशवीत ठेवला.

"महिना हाय अजून," ते म्हणाले, आणि लघवीच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली.